अडतीस विहिरींची जाहीर नोटीस

देवचंद बिऱ्हाडे या माणसाचा मला अजूनही राग येतो, हे आधीच सांगून टाकते. माणूस खोटारडा असता, आळशी असता, तर राग धरणं सोपं गेलं असतं. तो यातलं काहीच नाही. वय एक्कावन्न, घर नशिराबादला, नोकरी जळगावात एका सरकारी कार्यालयात, आणि एकोणीस वर्षांपासून विज्ञानकथा लिहितो. आमच्याकडे कुणी कविता केल्या तर लोक समजून घेतात, तरुणपणी सगळ्यांनाच होतं ते. पण मंगळावर भरताची वांगी लावणारा शेतकरी आणि त्याचं तिथल्या तलाठ्याशी भांडण, असलं काही लिहिणाऱ्याकडे लोक जरा सांभाळूनच बघतात.

मी सारिका. कोर्टाच्या मागच्या गल्लीत माझं टायपिंगचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वारसाचे अर्ज, जे येईल ते. धुळ्याहून निघणाऱ्या एका दैनिकासाठी जळगावकडच्या जाहीर नोटिसाही मीच गोळा करून पाठवते. पेपरात आतल्या पानावर चौकटीत असते ती नोटीस: अमुक गटाची जमीन आमचे अशील घेत आहेत, कुणाची हरकत असल्यास सात दिवसांत कळवावे. ती कुणी वाचत नाही असं म्हणतात. ज्याची जमीन त्यात असते तो अक्षर न् अक्षर वाचतो.

देवचंदभाऊंचं सगळं लेखन माझ्या हाताखालून गेलं. ते हाताने लिहितात, तेही जुन्या सरकारी फॉर्मांच्या कोऱ्या पाठीवर. शनिवारी दुपारी येणार, स्टुलावर बसणार, आणि मी टाइप करत असताना स्वल्पविरामासकट वाचून दाखवणार. अशा एक्केचाळीस कथा झाल्या. त्यातल्या चौदा छापून आल्या, बहुतेक धुळ्याच्या आणि नंदुरबारच्या दिवाळी अंकांत. मानधन म्हणून अंक यायचा, तोही दोनदा आठवण केल्यावर. एकदा पुण्याच्या एका संपादकांनी कळवलं की कथा उत्तम आहे, फक्त नशिराबादच्या जागी मुंबई करा. भाऊंनी पोस्टकार्डावर उत्तर धाडलं, मुंबई मी पाहिलेली नाही, भविष्यातली तर मुळीच नाही. झालं, ती कथा तिथेच अडकली. मी तेव्हा त्यांना भरपूर बोलले होते. एका शब्दाने काय आभाळ कोसळणार होतं? पण हा माणूस ऐकताना अगदी शांतपणे ऐकतो आणि करायचं तेच करतो.

त्यांच्या कथांची गंमत अशी की त्या कथेसारख्या दिसतच नाहीत. कुठे पंचनामा, कुठे परिपत्रक, कुठे चौकशी अहवाल. मे महिन्याचं ऊन सोसत नाही म्हणून यंत्रमानव रजेचा अर्ज करतो, त्यावर साहेबांचा शेरा पडतो, शेऱ्यावर पुन्हा यंत्रमानवाचा खुलासा येतो. टाइप करताना मला पुष्कळदा हसू यायचं. आयुष्यभर सरकारी कागदच वाचले, दुसरी भाषा येते कुठे मला, असं ते म्हणायचे.

२०२५ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या दुसऱ्या एका प्रकाशकाचं पत्र आलं. बारा कथांचा संग्रह काढायचं त्यांनी ठरवलं होतं. पुस्तकाचं नाव ‘जाहीर नोटीस’, त्यातल्या एका कथेवरून. धुळ्याच्या एका वाचनालयाने प्रकाशनाचा कार्यक्रमही घ्यायचं कबूल केलं, रविवार, २७ एप्रिल. पत्र घेऊन भाऊ दुकानात आले आणि मला म्हणाले, ताई, मोठ्याने वाचा. मी वाचलं. म्हणाले, परत. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा त्यांचे डोळे भरून आले आणि माझेही, खोटं कशाला बोलू. बाहेर भाडेकरारवाले दोघं ताटकळत होते, त्यांना मी तसंच बसवून ठेवलं.

आता ती कथा सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिच्यापासून सुरू झालं.

भाऊंचं काम विहिरी मोजण्याचं. धरणगाव तालुक्यातल्या तीन गावांमधल्या अडतीस विहिरी त्यांच्याकडे. वर्षातून चार वेळा जायचं, काठावरून टेप सोडायची, पाणी किती खाली गेलंय ते बघायचं, आकडा रजिस्टरमध्ये भरून कार्यालयात द्यायचा. गावांत त्यांना ‘टेपवाला भाऊ’ म्हणतात. बावीस वर्षं त्यांनी त्याच अडतीस विहिरींत टेप सोडली. आकडे वरच्या साहेबांकडे जातात. ते गावाला सांगायचे नाहीत हा नियम आहे की नुसती रीत, मला माहीत नाही, पण कुणी सांगत नाही एवढं खरं.

कथा घडते २०८७ साली. खान्देशातल्या कोरड्या पडलेल्या विहिरी सरकार ताब्यात घेतं आणि मोठ्या शहरांचा गोंगाट नळाने आणून त्यांत साठवतं. शहरं शांत होतात आणि इकडे लोक विहिरीवर झाकण ठेवून, वर दगड ठेवून झोपतात. कथेची सुरुवात सरकारी नोटिशीने: खालील विहिरी शासनजमा करण्यात येत असून त्यांचा अन्य साठवणुकीसाठी वापर होईल, हरकत असल्यास मूळ कागदपत्रांसह सात दिवसांत जळगाव कार्यालयात हजर राहावे. खाली तक्ता: गाव, गट नंबर, विहीर कोरडी होण्याचे वर्ष. अडतीस ओळी, तळाला ‘सही/-’. ही नोटीस पुस्तकात हुबेहूब खऱ्यासारखी दिसली पाहिजे असा भाऊंचा हट्ट. म्हणून मी ती वेगळी काढून दैनिकाच्या नोटिशींची चौकट असते त्याच चौकटीत बसवली, आणि फाइलला नाव दिलं ‘विहीर नोटीस’.

१२ एप्रिल, शनिवार. सोमवारी चौदा एप्रिलची सुट्टी, म्हणून दैनिकाने रविवारच्या अंकाच्या नोटिसा शनिवारी तीनच्या आत मागितल्या होत्या. दुकानात उभं राहायला जागा नव्हती. पुण्याहून प्रुफं आली होती, भाऊ स्टुलावर बसून ती तपासत होते, त्यामुळे त्यांच्या फाइली माझ्या पडद्यावर उघड्या होत्या. तेवढ्यात एका वकिलांचा फोन आला, त्यांची विहिरीच्या हिश्श्याची नोटीस आजच्या आज गेली पाहिजे. ती मी सकाळीच टाइप करून ठेवली होती. तिचंही नाव ‘विहीर नोटीस’च, फक्त फोल्डर दुसरं. तीनला पाच कमी असताना मी फाइल जोडली आणि पाठवून दिली. कोणती जोडली ते उघडून बघितलं नाही. तेवीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं.

धुळ्याला पान लावणाऱ्याला त्यात एकच चूक दिसली. साल २०८७. जळगावच्या बाईने घाईत आकडा चुकवला असं समजून त्याने माझ्यावर उपकार केले आणि २०२५ करून टाकलं.

रविवारी सकाळी चहा पिता पिता पेपर उघडला आणि समोर भाऊंच्या कथेतली नोटीस. पाच नंबरच्या पानावर, डाव्या बाजूला, दोन कॉलम रुंद. मी भाऊंना फोन लावला आणि जे झालं ते एका दमात सांगितलं. चूक माझीच, हेही सांगितलं. मग त्यांनी विचारलं, तक्ता पण आलाय का? सगळा आलाय, म्हटलं.

“ताई, त्यातले गट नंबर खरे आहेत.”

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी अशी भडकले की शेजारीण दारात येऊन उभी राहिली. कथेत खरे गट नंबर घालतं का कुणी? मंगळावर वांगी लावणाऱ्याला अडतीस खोटे नंबर सुचू नयेत? ते म्हणाले, नाही सुचले, हे पाठ आहेत ना. मी विचारलं, आणि ती वर्षं? तेव्हा त्यांनी सांगितलं की घरी त्यांची स्वतःची एक वही आहे. प्रत्येक विहिरीचं पाणी दर वर्षी किती उतरतं ते त्यांनी बावीस वर्षं त्या वहीतही उतरवून ठेवलं होतं. त्यावरून हिशोब मांडून कोणती विहीर कधी तळाला लागेल ते काढलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी आपल्या मनाने काढलं. कथा लिहिताना ती वर्षं तशीच्या तशी तक्त्यात बसवली.

म्हणजे तीही खरी, मी म्हटलं. ते म्हणाले, हिशोब खरा असतो तितकी खरी. मला एका शब्दानेही ते रागावले नाहीत. फक्त फोन ठेवता ठेवता म्हणाले, पुस्तक गेलं ताई. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी दैनिकाला फोन करकरून शुद्धिपत्रक टाकायला लावलं, पण सोमवारी सुट्टी, ते मंगळवारच्याच अंकात येणार होतं. तोवर नोटिशीचा फोटो धरणगावकडच्या प्रत्येक मोबाइलवर फिरला होता. एकोणतीस, एकतीस, चौतीस अशी पुढची वर्षं बघून लोकांनी अर्थ लावला की त्या त्या वर्षी सरकार येऊन विहीर बुजवणार. एका गावात लोकांनी विहिरींवर पहारा बसवला असंही कानावर आलं.

सोमवारी मी नशिराबादला त्यांच्या घरी गेले. दारात निळे झेंडे, गल्लीत मिरवणुकीची तयारी. भाऊंची आई लिलाबाई पांढरी साडी नेसून ओट्यावर बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला खीर देऊन सांगत होती की माझ्या देवचंदचं पुस्तक येतंय, पुण्याहून. लोक भाऊंच्या पाठीवर थाप मारत होते. भाऊ हसत होते आणि दर दोन मिनिटांनी त्यांच्या खिशात फोन थरथरत होता. तीन गावांतली माणसं त्यांना विचारत होती, भाऊ, हे काय शे? ते फोन उचलत नव्हते. आईला अजून काही माहीत नव्हतं, आणि मी खिरीची वाटी तशीच ओट्यावर ठेवली.

मंगळवारी कार्यालयासमोर सत्तर-ऐंशी माणसं सातबारा घेऊन उभी होती. नोटिशीत ‘जळगाव कार्यालय’ एवढंच होतं, पण पाण्याचं म्हणून त्यांना एकच कार्यालय माहीत होतं, टेपवाल्या भाऊंचं. मीही गेले. दुसऱ्यांची हजारो प्रतिज्ञापत्रं केली, त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःचं केलं होतं: फाइल चुकून माझ्याकडून गेली, देवचंद बिऱ्हाडे यांचा त्यात काही संबंध नाही.

तिथले साहेब सहा महिन्यांपूर्वी बदलून आलेले. माणूस वाईट नव्हता, हे मला आजही म्हणावंसं वाटतं. माझा कागद वाचून त्यांचा चेहरा सैल झाला. मग त्यांनी भाऊंना आत बोलावलं, पेपरातला तक्ता पुढे ठेवला आणि विचारलं की हे आकडे कुठून आले. भाऊंनी सांगून टाकलं.

साहेबांनी मार्ग काढला तो असा. गुरुवारी अकरा वाजता लोकांना बोलवायचं. बाईंनी सांगायचं चूक कशी झाली. बिऱ्हाडेंनी सांगायचं की ही कथा आहे आणि तिच्यातलं सगळं, आकड्यांसकट, काल्पनिक आहे. लोक घरी जातील, विषय संपेल. पण आकडे रजिस्टरवरून काढले आहेत असं लोकांसमोर तोंडातून निघालं, तर कार्यालयाची माहिती बाहेर फोडली असा त्याचा अर्थ होईल. मग त्याच दिवशी निलंबन आणि चौकशी, आणि चौकशी चालू असेपर्यंत पुस्तकही विसरायचं. साहेब म्हणाले, मी कथा वाचली, चांगली आहे, ती येऊ द्या. हे ते मनापासून म्हणाले.

बुधवारी पुण्याहून प्रकाशकांचा फोन आला. त्यांच्याही कानावर गेलं होतं. पुस्तकातलं सगळं काल्पनिक आहे असं सहीचं पत्र गुरुवारी संध्याकाळपर्यंत मिळालं तर शुक्रवारी छपाई सुरू, नाहीतर थांबवणार. भाऊ दुकानात आले, मी पत्र टाइप केलं. पुस्तकात गट नंबर बदलायचेही ठरलं, आणि या वेळी मी बसून अडतीस खोटे नंबर तयार करून दिले. गुरुवारचं बोलणं आटोपलं की सही करून पाठवू, असं म्हणून त्यांनी पत्र शर्टाच्या खिशात ठेवलं. मग स्टुलावरच बसून राहिले.

सगळं काल्पनिक आहे असं म्हटलं तर मी खोटं बोलतो का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, भाऊ, एकोणीस वर्षं यंत्रमानवाला रजा देत आलात, आता हे विचारू नका. ते हसले. ते हसले म्हणून मला बरं वाटलं, आणि मी तो विषय तिथेच बंद केला.

गुरुवारी हॉल भरला होता. खुर्च्या कमी पडल्या, माणसं खिडक्यांशी उभी होती. आधी मी उठले. दोन फाइलींची एकसारखी नावं, घाई, धुळ्याला बदललेलं साल, सगळं सांगितलं आणि हात जोडले. सुंदरबाई नावाची एक म्हातारी उठून मला म्हणाली की तीन रोज तिच्या घरात कुणी पोटभर जेवलं नाही, आणि ते माझ्या दोन बोटांमुळे. मी मान खाली घातली. ऐकण्यासारखंच होतं ते.

मग भाऊ उठले. त्यांनी कागदावर काही लिहून आणलं नव्हतं. लोकांशी ते त्यांच्याच बोलीत बोलले. सत्त्याऐंशी साल, कोरड्या विहिरी, नळातून येणारा शहरांचा गोंगाट. विहिरीवर झाकण ठेवायला विसरलेल्या एका सुनेला स्वप्नात माहेरच्या माणसांऐवजी कुठल्या तरी शहरातल्या गाड्यांचे भोंगे ऐकू येतात, तिथपर्यंत आले तेव्हा हॉलमध्ये हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणालं, आम्हना घरनाच गोंगाट मावत नही, शहरना कठे ठेवाना? भाऊसुद्धा हसले. पुस्तकाची कथा ते पहिल्यांदाच एवढ्या माणसांना सांगत होते, आणि माणसं ऐकत होती. हाई बठ्ठी कथा शे, ही सगळी कथाच आहे, असं त्यांनी शेवटी सांगितलं. साहेबांनी शिपायाला चहा सांगितला. मी खुर्चीत टेकले आणि मनात म्हटलं, वाचलं पुस्तक.

पुढच्या रांगेत तोतारामआबा नावाचे एक शेतकरी बसले होते. सत्तरीचे असतील, टोपी गुडघ्यावर काढून ठेवलेली. मला ते लक्षात राहिले कारण सगळे हसले तेव्हा ते हसले नव्हते. ते उठले.

“भाऊ, कथा शे, समजनं. मन्हा गटपुढे एकतीस लिखेल शे. मी जूनमा लिंबूनी बाग लावाले निंघनू. खड्डा खंदाई ग्यात. पाचवा वरीसले फळ लागस. लावू का नको, येवढंच सांगा.”

साहेबांनी चटकन उत्तर दिलं की आबा, आत्ताच सांगितलं ना, ते सगळं काल्पनिक आहे, तुम्ही खुशाल लावा. तोतारामआबांनी साहेबांकडे बघितलंही नाही. मी टेपवाला भाऊले इचारस, ते म्हणाले, आणि उभेच राहिले.

मला त्या म्हाताऱ्याचा असा संताप आला की सांगता येत नाही. खड्डे खणलेत ना, मग लावा की. विचारायचंच होतं तर काल विचारायचं, उद्या विचारायचं, बाहेर चहा पिताना बाजूला घेऊन विचारायचं. आजच, इथे, सगळ्यांसमोर कशाला? भाऊंनी ‘लावा’ एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं. संध्याकाळी पत्र पुण्याला जाणार, उद्या छपाई सुरू, सत्तावीसला धुळे. एकोणीस वर्षं मी या माणसाबरोबर स्वल्पविराम मोजलेत.

भाऊंनी साहेबांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी मान हलवली, नका बोलू म्हणून. हो, मीच. ज्या बाईच्या चुकीपायी हे सगळं झालं, तीच त्यांना सांगत होती की म्हाताऱ्याला बाग लावू दे. त्याची मला लाज वाटते, पण मी मान हलवली हे खरं आहे.

“नका लावू, आबा,” भाऊ म्हणाले. “एकतीसपावत पानी शे. पुढे नही.”

साहेब म्हणाले, बिऱ्हाडे, खाली बसा. भाऊ बसले नाहीत. तुमले कसं माहीत, असं आबांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, बावीस वरीस मोजेल शे. आता हॉलमध्ये कुणी हसत नव्हतं. खिडकीशी उभा असलेला एक माणूस पुढे आला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

“बावीस वरीस आम्हना हातनं पानी पिनात. मंग आतेपावत का सांगं नही?”

भाऊंना नियमाचं नाव घेता आलं असतं, साहेबांकडे बोट दाखवता आलं असतं. त्यांनी दोन्ही केलं नाही. तोंड पुसल्यासारखा चेहऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, चुकनं मन्हं. सांगाले पाहिजे व्हतं, ते मी कथामा लिखं. त्यांना पुस्तक जाण्याचं दुःख होतं, पण त्या क्षणी त्यांना छळत होतं ते हेच, हे मलाही कळत होतं.

तोतारामआबांनी सातबारा घडी करून खिशात घातला, टोपी डोक्यावर ठेवली आणि बाजूला झाले. त्यांच्या जागी सुंदरबाई आल्या आणि आपला गट नंबर बोलल्या. भाऊंनी एकोणतीस सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, भाऊंनी पुन्हा सांगितलं. मग त्यांच्यामागे आणखी एक जण उभा राहिला, त्याच्यामागे आणखी दोघं, आणि बघता बघता भिंतीपर्यंत रांग लागली. वही घरी होती. भाऊ एकेकाचा नंबर ऐकून वर्ष सांगत होते. कुणाला कापूस ठेवायचा की काढायचा ते विचारायचं होतं, कुणाला विहीर खोल करावी का ते. ज्यांना चाळीसच्या पुढचं साल मिळालं ते गर्दीतून निघताना इतरांकडे बघत नव्हते.

साहेब भाऊंजवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले की मला आजच कागद काढावा लागेल. काढा साहेब, भाऊ म्हणाले, आणि पुढच्या माणसाला त्याचा गट नंबर विचारला.

मी बाहेर व्हरांड्यात येऊन पुण्याला फोन लावला. सहीचं पत्र येणार नाही, छपाई थांबवा, असं सांगितलं. कारण काय, असं पलीकडून दोनदा विचारलं गेलं, आणि मला रडू येत होतं म्हणून नीट सांगता येईना. फोन ठेवून आत आले तेव्हा रांगेत अजून एकवीस जण उभे होते, आणि भाऊंचा आवाज बसत चालला होता.